पंधरा घोड्यांचा धनी

भिलाईच्या टाउनशिपमध्ये निवृत्त माणसांच्या पूर्वी तीनच जाती होत्या. पहिली पहाटे कानटोपी घालून मैत्रीबागेच्या रस्त्याला लागणारी. दुसरी होमिओपॅथीची पेटी उघडून शेजाऱ्यांच्या जिभा तपासणारी. तिसरी मुलाकडे पुण्याला कायमची राहायला जाणारी आणि महिन्याच्या आत परत येऊन 'तिकडे पाणी मानवत नाही' असं सांगणारी. गेल्या काही वर्षांत चौथी निघाली आहे. ही जात छोटा ट्रॅक्टर घेते.

आमच्या सेक्टर 2 मधला या जातीचा नमुना म्हणजे काका. नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. सेक्टर 4 मध्ये असेच एक काका आहेत, सेक्टर 6 मध्येही आहेत, आणि रिसालीकडे तर संघटना काढण्याइतके झाले असतील. सगळ्यांची उमर प्लांटमध्ये गेलेली, सगळ्यांचे वडील प्लांट उभा राहत असताना विदर्भातून आलेले, आणि शेती आपल्या रक्तात आहे अशी सगळ्यांची समजूत.

काकांच्या रक्तातली शेती ब्रह्मपुरीकडची. 1955 च्या फेब्रुवारीत रशियाशी भिलाईचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि या दोन तारखांच्या मधे कधीतरी काकांच्या वडिलांनी धानाच्या बांध्या भावांवर सोडून भिलाईची गाडी धरली. काका जन्मले ते थेट सेक्टरात. सुट्टीत गावी गेले की चुलतभाऊ चिखलात उभे असायचे आणि काका धुऱ्यावर उभे राहून 'पऱ्हे', 'रोवणी', 'चिखलणी' असे शब्द ऐकायचे. धान लावायला एवढे शब्द पुरेत, असं त्यांचं मत त्याच वेळी झालं असावं.

नोकरी रेल मिलमध्ये, मेकॅनिकल मेंटेनन्सला. ज्या प्लांटमधून 130 मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो तिथे उभा जन्म काढलेल्या माणसाला शेतातल्या यंत्राचं काय वाटणार? ट्रॅक्टरला ते सुरुवातीला 'खेळणं' म्हणत. पण प्लांटमधलं एवढं मोठं यंत्र कुणा एकाचं नसतं. त्यावर हजार माणसं असतात, तीन शिफ्टा असतात, आणि बिघडलं तर दोष आधीच्या शिफ्टचा असतो. ट्रॅक्टरला आधीची शिफ्ट नसते. ही बाब काकांच्या ध्यानात फार उशिरा आली.

साठाव्या वर्षी ग्रॅच्युइटी आणि पीएफ हाती आला. मुलाला हिंजवडीत फ्लॅटसाठी मदत हवी होती आणि काकूंना लीजवर घेतलेल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मोठं करायचं होतं. काकांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टर बघायला गेले. इथेच या जातीची खूण पटते. बाकीचे लोक आधी जमीन घेतात आणि मग तिच्यासाठी ट्रॅक्टर. यांनी ट्रॅक्टर पसंत केला आणि मग त्याला फिरवायला जमीन शोधली.

निवड मात्र सहा महिने चालली. महिंद्राचा युवराज 215 आणि स्वराजचा 717, दोन्ही एका सिलिंडरचे, पंधरा हॉर्सपॉवरचे. व्हीएसटी शक्तीचा साडेअठराचा. कुबोटाचा निओस्टार चोवीसचा, चारही चाकं ओढणारा. काकांनी आडवे-उभे रकाने आखून तक्ता केला, मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर तो लोकांना दाखवला, आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन लोकांनी तो पाहिलाही. अखेर पंधरा हॉर्सपॉवरवर शिक्कामोर्तब झालं. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही.

जमीन मिळाली उतईच्या पुढे. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: काळी भारी कन्हार, पिवळसर हलकी मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा, आणि उरलेली तांबडी, मुरमाड, उंचावरची भाठा. भाठ्यात धान घ्यायच्या फंदात गाववाला सहसा पडत नाही, तिथे तो गुरं सोडतो. दलालाने काकांना भाठा दाखवली आणि सांगितलं, ऊँची जगह है, पानी नहीं भरता, हवा अच्छी है. काकांना तिन्ही गोष्टी पटल्या. व्यवहार डिसमिलात झाला, पटवारी झाला, ऋणपुस्तिका हाती आली, आणि पहिल्यांदा रोटाव्हेटर टेकवला तेव्हा पात्यांचा जो आवाज झाला तो ऐकून काकांना मिलची आठवण आली. भाठ्याला तांबडा रंग येतो तो लोखंडामुळेच. माणूस साठाव्या वर्षापर्यंत लोखंडाजवळ राहिला आणि निवृत्तीचे पैसे देऊन पुन्हा लोखंडच विकत घेतलं.

सुदैवाने भाठ्याच्या खालच्या अंगाला कन्हारच्या दोन-तीन बांध्याही त्याच खात्यात होत्या. दलालाला त्या दाखवायच्या नव्हत्या की त्यालाच माहीत नव्हत्या, कोण जाणे.

पण ट्रॅक्टर आधी आला तो सेक्टरात. गावात शेड नव्हतं आणि रात्री यंत्र डोळ्यांसमोर पाहिजे, असं काकांचं म्हणणं. डीलरचा माणूस उतरवून, चहा पिऊन गेला आणि काका नारळ फोडायला स्वतः ट्रॅक्टर घेऊन अय्यप्पा मंदिराकडे निघाले. मागे अख्खी स्ट्रीट. भिलाईला मिनी इंडिया म्हणायची पद्धत आहे. त्याचा अर्थ असा की एखाद्याची फजिती व्हायची असली तर ती किमान सहा भाषांत होते.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेताच्या टोकाला वळताना एकच पेडल दाबलं की तेवढं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पेडलं पट्टीने जोडून टाकायची, म्हणजे ब्रेक सारखा लागतो. हे माहितीपुस्तकात चित्रासह दिलेलं आहे आणि काकांनी ते पुस्तक अधोरेखित करून वाचलेलं होतं. पण पट्टी जोडायला माणूस खाली वाकतो, आणि त्या वेळी काकू ओवाळत होत्या. कोपऱ्यावर सायकलवाला आडवा आला, काकांनी ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर अतिशय सुबक वळण घेऊन बॅनर्जीबाबू किंवा जे कोणी असतील त्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरला. इंजिन एका सिलिंडरचं. ते त्या कुंपणातही ठाकठाक करत राहिलं. काकांनी खाली उतरून कुंपण पाहिलं, चाक पाहिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "टर्निंग रेडियस उत्तम आहे."

त्यानंतर एसओपी तयार झाला. प्लांटच्या माणसाकडे अनुभव आला की त्याचा एसओपी होतो. तेलाची पातळी, हवेची गाळणी, रेडिएटरचं पाणी, टायरमधली हवा, ब्रेकची पट्टी (लाल शाईत, दोनदा). शिवाय लॉगबुक. ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात, हे काकांना मनापासून आवडलं. पहिली सर्व्हिस 50 तासांना असते. हे पन्नास तास शेतात भरायचे असतात, पण सेंट्रल अॅव्हेन्यूवरून रिसालीमार्गे उतईला आणि संध्याकाळी तसंच परत, यात निम्म्याहून अधिक मीटर रस्त्यावरच पळाला. मागे स्कूल बसांची रांग, बसच्या खिडक्यांतून हात हलवणारी पोरं, आणि पुढे हेल्मेट घातलेले काका. हो, हेल्मेट. प्लांटमधलं, पिवळं.

गावात एक पोरगा मिळाला. विशीचा, दहावी झालेला, आणि ट्रॅक्टर कानाने ओळखणारा. काकांनी त्याला 'हेल्पर' म्हणून ठेवला, आणि खरं काम तो करतो हे काका सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला पहिल्या दिवशी बसवून काकांनी पीटीओ शिकवला. मागचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, गळ्यातला गमछा त्यात अडकला तर माणूस आत ओढला जातो, म्हणून गमछा घरी. पोरगा म्हणाला, "हव कका." यात मात्र काका सोळा आणे बरोबर आहेत. त्या पंचक्रोशीत बिनगमछ्याने रोटाव्हेटर चालवणारा तो एकटाच असेल, आणि गाव त्याला त्यावरून हसतं.

अवजार जोडणं हा काकांचा आवडता भाग. मागचे दोन खालचे हात आणि वरची टॉप लिंक, अशा तीन ठिकाणी अवजार धरलं जातं, आणि टॉप लिंक फिरवून आखूड केली की कल्टिव्हेटरची नाकं जमिनीत जास्त घुसतात. ही तीन टोकांची युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. त्याच्याआधी अवजार नुसतं मागे ओढलं जाई, आणि ते दगडात अडकलं तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालवणाऱ्याच्या अंगावर पडे. काका हे सांगू लागले की थांबत नाहीत. फर्ग्युसनवरून ते रशियावर येतात: भिलाईच्या करारानंतर पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, राजस्थानात सुरतगडला सरकारी शेत निघालं, तिथली यंत्रं रशियाने भेट दिलेली, म्हणजे पोलाद आणि ट्रॅक्टर हे एकाच घरचे. तोवर पोरग्याने कल्टिव्हेटर जोडलेला असतो, पिना लावलेल्या असतात, आणि तो दूर झाडाखाली बसून मोबाइल बघत असतो.

आता बियासीची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

पहिल्याच हंगामात, श्रावणात, काका धुऱ्यावर उभे होते. शेजारच्या शेतात महिन्याचं धान उभं, घोट्याच्या वर पाणी साचलेलं, दृष्ट लागावी असं पीक. शेजारी आला, त्याने रेड्यांना नांगर जुंपला आणि तो सरळ उभ्या धानात घातला. काकांना वाटलं, घरात भांडण झालं असावं. ते धावत गेले. "अरे क्या कर रहे हो भाई! आपलंच पीक नांगरून राहिला हा बाप्पा!" शेजारी थांबला नाही. फक्त म्हणाला, "बियासी आय कका."

छत्तीसगडमध्ये धान पेरून घ्यायची जुनी रीत आहे. बी फेकून पेरायचं, महिनाभराने वीतभर पाणी साचलं की त्या उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवायचा. तण गाडलं जातं, दाट रोपं विरळ होतात, मुळांजवळची माती सैल होते आणि धान पुन्हा जोमाने फुटतं. मग उपटलेली रोपं रिकाम्या जागी लावायची, याला चलाई म्हणतात. ब्रह्मपुरीकडे मात्र रोवणीचीच रीत. तिथे असलं काही काकांनी पाहिलं नव्हतं. चार दिवसांनी ते पीक मान वर काढून उभं राहिलं तेव्हा काकांनी लॉगबुकात नोंद केली: 'ओव्हरहॉल विदाउट शटडाउन.' मला वाटतं शेतीबद्दल त्यांनी केलेलं हे सर्वांत अचूक विधान आहे.

त्याच हंगामात ट्रॅक्टर फसला. कन्हारच्या बांधीत चिखलणी करायची होती. चिखलात जाताना मागच्या चाकांना लोखंडी जाळीची केजव्हील लावतात. काकांनी टायरची नक्षी तपासून 'ग्रिप पुरेशी आहे' असा निर्णय दिला. बांधीच्या मधोमध उजवं चाक नुसतं फिरू लागलं. पुस्तकात लिहिलंय, एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉक दाबा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात. काकांनी दाबला. दोन्ही चाकं एकत्र फिरली आणि दोन्ही एकत्र खाली गेली.

"अतेक रेस झन दे कका, अउ धँस जाही," पोरगा ओरडत होता.

"थांब. आधी रूट कॉज पाहू," काका म्हणाले. रूट कॉज सापडेपर्यंत मागचा अॅक्सल चिखलाला टेकला.

मोठा ट्रॅक्टर बोलवावा तर तोही त्या बांधीत फसणार. शेवटी बियासीवाला शेजारीच आला, रेड्यांची जोडी घेऊन. चाकांखाली फळ्या घातल्या, रोटाव्हेटर सोडवला, दोर पुढून बांधला. काकांनी सगळ्या लोकांना दोरापासून लांब उभं केलं, कारण ताणलेला दोर तुटला तर सूड घेतल्यागत सपकन येतो. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या हिसक्याला 800 किलोच्या आसपासचं ते यंत्र चिखलातून निघालं. पंधरा घोड्यांना दोन रेड्यांनी बाहेर काढलं. ही बातमी काका घरी पोचायच्या आत सेक्टर 2 च्या तलावाच्या काठी पोचली होती. तिथे संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींनी नंतर बरेच दिवस काकांना 'दो भैंसापॉवर' म्हणून हाक मारली. काका चिडले नाहीत. केजव्हील घेतली, आणि लॉगबुकात 'रेस्क्यू: बाह्य एजन्सी' असं लिहिलं.

शेतीने माणूस किती बदलतो हे मात्र पाण्यावरून कळलं. तांदुळा धरणाचं पाणी कालव्याने येतं. ते धानालाही जातं आणि मरोदा जलाशयातून प्लांटलाही. पाऊस ताणला की शेतकरी कालवा सोडा म्हणून मागणी करतात. नोकरीत असताना काका पेपर वाचून म्हणायचे, "धानाला पाणी दिलं तर मिल काय हवेवर चालवायची?" ट्रॅक्टर आल्यानंतरच्या पहिल्याच कोरड्या पंधरवड्यात ते मंडळात म्हणाले, "धान करपून राहिलं आणि प्लांटवाले सगळं पाणी पिऊन राहिले." प्लांटवाले! सभागृहात क्षणभर कुणी काही बोललं नाही. तिथे बसलेले सगळे प्लांटवालेच होते.

हरेलीचं मात्र त्यांना छान जमलं आहे. छत्तीसगडची हरेली आणि आपली दिव्यांची अवस एकाच तिथीला येतात. त्या दिवशी गावात नांगर, कुदळी धुऊन पुजतात, चिल्याचा नैवेद्य दाखवतात, दारावर कडुनिंबाची डहाळी लावतात, लोहार चौकटीत खिळा ठोकतो. सकाळी गावात ट्रॅक्टरपुढे चिला, संध्याकाळी सेक्टरात कणकेचे दिवे. काकूंनी त्यातला एक दिवा बॉनेटवर ठेवला होता. काकांनी तो डिझेलच्या टाकीपासून दूर सरकवला.

धान निघालं. खालच्या एका बांधीत घरच्यासाठी एचएमटी लावलं होतं. हे काकांच्या अभिमानाचं वाण, कारण ते शोधलं नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे या लहान शेतकऱ्याने, आणि नाव दिलं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. त्याच एचएमटी कंपनीने 1971 पासून झेटर ट्रॅक्टरही काढले होते. घड्याळ, ट्रॅक्टर आणि तांदूळ तिन्ही एका नावाचे, यावर काका अर्धा तास सहज बोलतात, आणि खरं सांगायचं तर दादाजींबद्दल कुणीतरी अर्धा तास बोललंच पाहिजे.

बाकीचं जाडं धान सोसायटीत. सरकार 2023 पासून एकरी 21 क्विंटल घेतं, क्विंटलला 3100 रुपये पडतात. भाठ्यातलं आणि बांध्यांतलं मिळूनही काकांना एकरी एकवीसची मर्यादा ओलांडायची वेळ आली नाही. टोकन मिळालं, नंबर आला. ओलावा 17 टक्क्यांच्या वर चालत नाही. तिथल्या माणसाने मूठभर धान मीटरमध्ये टाकलं आणि म्हणाला, ज्यादा है, सुखा के लाओ. मागे लांबलचक रांग. काकांनी खिशातून चष्मा काढला.

"मीटरचं कॅलिब्रेशन कब हुआ था?"

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. "सर्टिफिकेट दिखाइए," काका म्हणाले. रांगेतून कुणीतरी विचारलं, हा साहेब कोण. पोरग्याने एव्हाना पोती उतरवून उन्हात ताडपत्री पसरली होती. दुपारी ओलावा बसला. काका अजून म्हणतात, मीटर दुरुस्त केला असणार.

रात्री काकूंनी हिशेब मांडला. डिझेल, खत, पोरग्याचा पगार, केजव्हील, रेड्यांच्या मालकाला दिलेलं धोतर, बॅनर्जीबाबूंचं कुंपण. मग भागाकार केला आणि वही फिरवून काकांसमोर ठेवली.

"या भावात सिव्हिक सेंटरात बासमती येतो."

"ट्रॅक्टर धरून काढलं ना तू? ट्रॅक्टर कॅपिटल आयटम आहे, तो वगळ."

"वगळूनच काढलं."

काकांनी चष्मा लावून वही पाहिली. बेरीज बरोबर होती. "मग दोष जमिनीचा आहे," ते म्हणाले. "एवढ्याशा तुकड्यावर यंत्र परवडतच नाही. बाजूचा एक तुकडा निघून राहिला, उद्या पाहून येतो."

"कोणती जमीन आहे?"

"स्वस्त मिळून राहिली."

"कोणती, विचारलं मी."

"उंचावर आहे," काका म्हणाले. "हवा चांगली आहे तिथे."